नाताळची कार्डं कुणी केली

बाबा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. दिवाळी उलटल्यावर एका रविवारी गोव्याहून एक निवृत्त बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, आपल्या घरी आले. ते तुमच्याबरोबर दोन बोटींवर होते. घर त्यांनी बंदरावर विचारत विचारत शोधलं.

२. त्यांच्याकडे नाताळची सात कार्डं होती, तुमच्या जुन्या सोबत्यांकडून मागून गोळा केलेली. सातही आपल्या घरातून गेलेली.

३. मुंबईत खलाशांचा एक क्लब आहे. तिथल्या हॉलमध्ये या नाताळात ती काचेच्या चौकटीत लावायची आहेत.

४. चौकटीखाली पाटी येणार आहे. मजकूर बोसनकाकांनी लिहून आणला होता: 'बोटीवरच्या फावल्या वेळात ही कार्डं स्वतःच्या हाताने बनवणारे चीफ कुक', आणि पुढे तुमचं नाव.

५. आई समोर बसली होती. तिने मजकूर ऐकला आणि म्हणाली, "हो, त्यांचा हात चांगला होता."

६. मजकुराला घरच्यांची संमती लागते. ती मी कळवायची आहे.

घडलं ते एवढंच. त्या सात कार्डांतलं एकही तुम्ही बनवलेलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते. आता मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. आम्ही व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवतो. ते ठरल्या मापाचे झालेत की नाहीत हे सांगणं माझं काम. आमच्याकडे प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते: काढलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं. तिथे नाव नसेल तर ते ड्रॉइंग मशीनपर्यंत पोचत नाही. आणि ज्याने काढलं त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव आलं, तर ती आमच्यात चूक धरत नाहीत, लबाडी धरतात. मी रोज अशा चौकटी बघते. त्या रविवारी मी आपल्याच ओटीवर बसून तशी एक चौकट ऐकली, चुकीच्या नावाने भरलेली, आणि जिचं नाव तिथे हवं होतं ती बाई पाहुण्यांना चहाबरोबर चकली घ्या म्हणून आग्रह करत होती.

नाताळ डिसेंबरात येतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. आपल्या घरात तो एजंटचा फोन वाजला की यायचा. तुमचं कॉन्ट्रॅक्ट कधी फेब्रुवारीत सुरू व्हायचं, कधी ऐन गणपतीत, आणि एकदा निघालात की पुढचा नाताळ कुठल्या समुद्रात उजाडेल ते तुम्हालाही ठाऊक नसायचं. फोन आल्यावर हातात जेमतेम चार-पाच दिवस. नाताळच्या जेवणाला बोटीवरच्या प्रत्येकाच्या ताटाशेजारी ठेवायला एकेक कार्ड, एवढी कार्डं तेवढ्यात होत नाहीत. म्हणून आई ती वर्षभर करायची. दसऱ्यानंतर भात कापायला आलं की ती पालीला मामाकडे जायची, झोडणीच्या आधी, कारण झोडलेल्या पेंढ्याची काडी चिरडलेली असते. शेताच्या कडेला बसून ती एकेक काडी उजेडात धरून निवडायची. मामी म्हणायची, "वन्सं, आमची म्हस पण एवढं निवडून खात नाही." थंडीत त्या काड्या भिजवायच्या, नखाने उभ्या चिरायच्या, उलगडायच्या आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. काडीची सपाट पट्टी होते आणि तिला सोन्याची झाक येते. इस्त्री जरा जास्त टेकली की तांबूस, आणखी टेकली की तपकिरी. या तीन रंगांत आई चांदणी करायची, गोठ्याचं छप्पर करायची आणि गुरं करायची.

उन्हाळ्यात खवले. दारावर मासे विकायला येणारी काकी तांबोशीचे मोठे खवले आईसाठी वेगळे ठेवायची. ते रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, लिंबाच्या पाण्यात ठेवायचे, मग कौलांवर फडक्यात पसरून वाळवायचे. त्यांचा बर्फ व्हायचा. पडणारा बर्फ आईने बघितलेला नव्हता, मीही नव्हता, पण मे महिन्यात दुपारी दारंखिडक्या लावून आम्ही दोघी तो एकेक करून चिकटवत बसायचो. पंखा बंद, कारण बर्फ उडतो. घाम कागदावर पडू नये म्हणून आई कपाळाला फडकं बांधायची. पावसाळ्यात चिकटवायचं काही नाही, कारण कागद वाकतो आणि खळीला बुरशी येते, मोरचूद घातला तरी येते. तेव्हा पाकिटं करायची, चांदण्यांचे नमुने कापून ठेवायचे. झालेली कार्डं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसकट, म्हणजे दमट हवा तांदूळ ओढून घेतात. हे सगळं तुम्हाला माहीत असायला हवं. माहीत होतं का, हा वेगळा प्रश्न. तुम्ही घरी असायचात तेव्हा डबा भरलेलाच असायचा.

तुमचा वाटा काय होता तो मी सोडून देत नाही. कागद तुमचा. बोटीवर जुने झालेले समुद्राचे नकाशे टाकून देतात, ते तुम्ही सेकंड ऑफिसरकडून मागून गुंडाळी करून आणायचात. तसा जाड, सरळ राहणारा कागद रत्नागिरीत मिळत नव्हता. एका बाजूने कोरा आणि दुसऱ्या बाजूने नकाशा, त्यामुळे कार्ड बाहेरून गोठा आणि चांदणी, आणि उघडलं की आत समुद्राच्या खोलीचे आकडे. बोसनकाकांच्या कार्डात एडनजवळचा समुद्र आहे. ते म्हणाले की बोटीवर सगळे एकमेकांचं कार्ड उघडून बघायचे, कुणाला कुठलं पाणी आलं म्हणून. ती कल्पना तुमची होती असं मी धरते. साहित्य तुमचं, हे कुठेही लिहायला माझी हरकत नाही.

आणि तीट तुमची. ही गोष्ट मी विसरले होते, बोसनकाकांनीच आठवण करून दिली. पहिल्या वर्षी तुम्ही नमुन्यासाठी परदेशातलं येशूजन्माचं एक छापील कार्ड आणलं होतं. आईने ते बराच वेळ बघितलं. तिला त्यातलं बरंच पटलं नाही. इतक्या थंडीत बाळंतिणीला उघड्यावर बसवलंय, बाळाला धड पांघरूण नाही. तिने गोठ्याला कौलं घातली, बाजूला पेंढ्याची उडवी रचली, बाळाला गोधडीत गुंडाळलं. मग म्हणाली, "एवढी मोठी मोठी माणसं लांबून बघायला आलीत आणि पोराला तीट नाही?" पण तीट तिने लावली नाही. तीट आधी लावून ठेवायची नसते, बाळाला लोकांत न्यायच्या वेळी लावायची असते. म्हणून काजळाची डबी तुमच्या ट्रंकेत गेली. नाताळच्या आदल्या दिवशी तुम्ही प्रत्येक बाळाच्या गालावर बोटाने एक काळा ठिपका द्यायचा, असं ठरलं. आणि तुम्ही तो दिलात, दर वर्षी. सातही कार्डांवर आहे. हेही मी धरते.

आता ऐका, बोसनकाका काय म्हणाले ते. मी त्यांना सरळ विचारलं की बाबांना कार्डं करताना तुम्ही बघितलंय का.

"म्हणजे काय, बाय? ह्या डोळ्यांनी. केबिनचं दार उघडं होतं. पुढ्यात सगळी कार्डं मांडलेली आणि बोटाला काजळ. मी म्हटलं, कुक, काय चाललंय? तर म्हणाला, आत येऊ नको, वाळू दे."

"एवढंच म्हणाले?"

"मग आणखी काय म्हणणार? दिसत होतं ना."

"ही कार्डं मी करतो, असं ते कधी म्हणाले?"

 मी हे का विचारते आहे ते त्यांना कळेना. आई मला डोळ्यांनी पुरे म्हणत होती.

"तसं म्हणायला कशाला पाहिजे," ते म्हणाले. "कॅप्टनने एकदा मेसमध्ये सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. म्हणाला, आपल्या कुकचे हात सोन्याचे आहेत. तर तुझा बाबा हसला."

"हसले, आणि?"

"आणि केक वाढायला गेला."

मग त्यांनी तो वासाचा किस्सा सांगितला. पहिल्या वर्षी खवले नीट धुतले गेले नव्हते, सगळ्या मेसमध्ये सुकटीचा वास सुटला आणि एका फिलिपिनो पोराने विचारलं, कुक, हे कार्ड जपून ठेवायचं की कालवणात टाकायचं? आई खूप हसली. इतकी हसली की पदर डोळ्यांना लावला. तो किस्सा तिने कधी ऐकला नव्हता. तुम्ही घरी येऊन फक्त एवढंच म्हणाला होतात की पुढच्या वेळी खवले जास्त धुवा. तिच्याच कार्डांची गंमत तिच्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली, आणि तीही एका परक्या माणसाकडून, तुमच्या नावावर.

तुम्ही हसलात आणि केक वाढायला गेलात. मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. खोटं बोलला असतात तर मी ते खोटं म्हणून बाजूला ठेवलं असतं. तुम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत. 'माझी बायको करते' हे वाक्य किती मोठं आहे? केकची सुरी हातात घ्यायच्या आत बोलून झालं असतं.

मग मला जुन्या गोष्टी एकेक आठवायला लागल्या, आणि आता त्या पूर्वीसारख्या दिसत नाहीत. मी चौथीत असेन. मी पहिल्यांदा सगळी चांदणी एकटीने कापून चिकटवली होती. एक टोक जरा तिरकं गेलं होतं. तुम्ही कार्ड हातात घेता, लांब धरून बघता आणि बाजूला ठेवता. "हे नको. बोटीवर माझं नाव जाईल," तुम्ही म्हणता. मी रडत नाही, मला तेव्हाही रडायला आवडत नसे. मी ते टोक सोडवून पुन्हा चिकटवते. तेव्हा मला वाटलं होतं की तुमचं नाव म्हणजे आपल्या घराचं नाव. आता कळतं की तुम्ही अगदी शब्दशः बोलत होतात. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, माप तुमचं बरोबर होतं. टोक तिरकंच होतं. पण तपासणाऱ्याला करणाऱ्याचं नाव घेता येत नाही. मी रोज शेकडो भाग तपासते, त्यातला एकही माझा नसतो.

आईला तुम्ही परदेशातून काय काय आणलंत तेही आठवून बघा. सिंगापूरहून इस्त्री. जर्मनीची कात्री, लहान टोकाची. कुठूनतरी एक चिमटा, जो बघून शेजारची मावशी म्हणाली होती, "डॉक्टरीण होणार काय गो तू?" बाकीच्या बोटीवाल्यांच्या बायकांना साड्या, सेंट, घड्याळं. आई ती इस्त्री सगळ्यांना कौतुकाने दाखवायची आणि मलाही ते बरोबरच वाटायचं. आज विचार करते तर ती भेट नव्हती, हत्यारं होती. आणि तुम्ही, बोटीवर इतक्या माणसांना तीन वेळा जेवू घालणारे, घरी आल्यावर चहाचं भांडंसुद्धा गॅसवर ठेवत नव्हतात. सुट्टी म्हणजे सुट्टी, म्हणायचात. आईला सुट्टी कुठल्या बंदराला होती?

बोसनकाका गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई नारळ खवत होती.

"आई, तू खोटं का बोललीस?"

"काय खोटं? हात चांगलाच होता. मटण काय करायचे."

"तू कधी खाल्लंस त्यांच्या हातचं मटण?"

"लोकं सांगायची."

"पाटीवर तुझं नाव पाहिजे."

"कशाला गो? तिथं मला कोण ओळखतंय."

"म्हणूनच."

तिने करवंटी फिरवून घेतली. "त्यांनी केलंनी काय नि मी केलं काय, घर एकच ना. आणि देवाच्या गोठ्यावर माझं नाव कशाला?"

"तुझं नको तर बाबांचं कशाला?"

तिने दुसरी करवंटी खवायला घेतली. मी तो विषय सोडला नाही, रोज काढला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर ती दारातच म्हणाली, "हे बघ, मीच सांगितलं होतं त्यांना. माझं नाव काढू नका म्हणून."

"का?"

"बोटीवर सगळे बाप्ये. अमक्याच्या बायकोनं कार्ड पाठवलंन म्हटलं की झाली मस्करी सुरू. भाभीने आमच्यासाठी काय पाठवलंन, नि काय नि काय. मला नको होतं ता."

"कधी सांगितलंस?"

"आठवत नाय."

"पहिल्याच वर्षी?"

"असेल."

"बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? बरं म्हणाले."

हे खरं असू शकतं. कारण पटण्यासारखं आहे, आई तशी आहे. पण आमच्या विभागात एक नियम मी स्वतः कटाक्षाने पाळते. कुठलं माप यायला हवं आहे हे आधी कळल्यावर घेतलेलं माप मी धरत नाही. आईला चार दिवस माहीत होतं की कुठल्या उत्तराने तुम्ही सुटता. पाचवा दिवस उजाडण्याआधी ते उत्तर आलं. मी तसं तिला म्हटलं. ती चिडली. आई सहसा चिडत नाही.

"मेलेल्या माणसाला खोटं पाडणार तू? चार माणसांत?"

"मी कुणाला पाडत नाही. जे आहे ते लिहिते."

"लिही. माझं नाव लिहिलंस तर मी ता बघायला यायची नाय."

तेव्हापासून आमचं बोलणं डब्यापुरतं आहे. डबा भरला, डबा घेतला, डबा धुवायला टाकला.

पण तुमच्यावरचा माझा खरा राग पाटीचा नाही. तो तुम्ही गेलात त्या वर्षाचा आहे. तुम्ही दोन कॉन्ट्रॅक्टांच्या मध्ये, घरी, भाद्रपदात गेलात. ट्रंक भरून तयार होती आणि डबा काठोकाठ भरला होता. पंधरा-वीस दिवसांनी तुमच्या बोटीवरच्या लोकांचं पत्र आलं, सगळ्यांच्या सह्यांचं. इंग्रजी होतं, म्हणून आईने ते मला वाचायला दिलं. मी अडखळत वाचलं. कुक फार चांगला माणूस होता, असं होतं. आणि शेवटी होतं की या नाताळला आमच्या ताटांशेजारी कार्डं नसतील. मी मराठी करून सांगितलं. आई ऐकून म्हणाली, "हां." डबा तिच्या मागच्या फळीवर होता. एका पार्सलाचं काम होतं. पण मागितलंच नव्हतं कुणी. त्यांच्या हिशोबाने कार्डं करणारा गेला होता. कार्डं करणारी बाई चुलीपुढे बसून स्वतःच्या कामाच्या मरणाची बातमी ऐकत होती, आणि तिला ती दुरुस्त करता येत नव्हती, कारण तुम्ही तिच्यासाठी तेवढी जागाच ठेवली नव्हती. त्या थंडीत तिने काड्यांच्या उरलेल्या सगळ्या पेंड्या न्हाणीच्या चुलीत घातल्या. चांगल्या जळतात, म्हणाली. डब्यातल्या कार्डांचं काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्या दसऱ्याला ती पालीला गेली नव्हतीच, पुढच्याही दसऱ्याला गेली नाही. मामीने निरोप धाडला की काड्या ठेवल्यात. आईने उलट निरोप धाडला की आता म्हशीला घाल. त्यानंतर तिने ब्लाऊज शिवायला घेतले, त्यावर माझा डिप्लोमा झाला. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचं नाव गावात सगळ्यांना माहीत आहे.

एका नावाने काय झालं असतं ते मी मोजू शकत नाही, पण दिशा सांगू शकते. कुणीतरी एकाने लिहिलं असतं, वहिनी, यंदाही पाठवा. आई त्या वर्षी हातात काहीतरी धरून बसली असती. एवढंच म्हणते आहे. इस्त्री, कात्री, चिमटा आणि एक 'बरं', याच्या बदल्यात तुम्ही तिला एवढं तरी देऊ शकला असतात.

मग गेल्या आठवड्यात हे झालं. मी घरी आले तर मोरीत घमेल्यात काड्या भिजत होत्या. मी म्हटलं, "हे काय?" आई म्हणाली, "मामीकडून मागवल्या. त्या बोसनांना एक करून पाठवते, एवढ्या लांबून आले होते." डोळ्यांना आता बारीक दिसत नाही म्हणून ती काडी नाकाशी धरते. पहिल्या दोन जळल्या. नवी इस्त्री लवकर तापते, तिचा अंदाज येत नाही. तिसरी नीट झाली. मी विचारलं नाही की पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव काय घालणार. मला उत्तराची भीती वाटली, आणि तसं मी सहसा म्हणत नाही.

आता माझी अडचण नीट मांडते. आईने खरोखरच तुम्हाला नाव घेऊ नका असं सांगितलं असेल, तर तिची ती इच्छा होती, आजही आहे, आणि ती मोडून तिचं नाव काचेखाली लावायचा मला अधिकार नाही. मग मी फक्त तुमचं नाव काढायला सांगेन आणि पाटी नावाशिवाय राहील. पण तिने तसं कधीच सांगितलेलं नसेल, तर ती आजही तुमच्यासाठी डबा भरते आहे आणि तो भरू द्यायला मी तयार नाही. मग तिचं नाव जाईल, ती बघायला आली नाही तरी जाईल. दोन्हींत कागद तुमचा आणि तीट तुमची, हे मी लिहीन. यातलं काय करायचं हे एका गोष्टीवर ठरतं. ती गोष्ट तुम्हा दोघांना माहीत होती. आई आता तिच्या सोयीचं सांगते. उरलात तुम्ही.

हे पत्र पाठवायला जागा नाही, हे मला कळतं. तरी लिहिते, कारण विचारायचं ते नीट शब्दांत विचारलं तरी पाहिजे. आणि एक गोष्ट कबूल करते. एवढं सगळं लिहून झाल्यावर मला वाटतं आहे की आईचंच खरं निघावं. तिने सांगितलं असावं, तुम्ही बरं म्हणाला असावात, आणि कॅप्टनने पाठीवर हात मारला तेव्हा दिलेला शब्द मोडू नये म्हणून तुम्ही घाईने केक वाढायला गेला असावात. माझ्याकडे याला पुरावा नाही. फक्त तसं निघावं असं वाटतं.

मजकूर मला पंधरा डिसेंबरला कळवायचा आहे. आईने तुम्हाला तसं सांगितलं होतं का, हो की नाही, एवढंच चौदा तारखेपर्यंत कळवा.